सिनेमा बोलणाऱ्या अत्तारबाई

अत्तारबाईंच्या बाबतीत पुण्यातली माणसं एक चूक हमखास करायची. नवा कोणी सभासद, बहुधा निवृत्त, कडक इस्त्रीच्या बुशशर्टातला, मध्यंतरात चहाचा कप घेऊन त्यांच्यापाशी जायचा आणि कौतुकाने म्हणायचा, "वा! तुमचं मराठी अगदी शुद्ध आहे हो!"

बाई चष्म्यावरून त्याच्याकडे बघायच्या. "आभारी आहे. आपलंही हळूहळू सुधारेल."

मी किटलीच्या मागे तोंड लपवून हसायचे. मोठ्याने हसायची छाती नव्हती. चहाचा कोपरा सोसायटीच्या मेहेरबानीवर चालत होता आणि सभासद रागावला तर आपलं बस्तान उठेल, ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती.

सोसायटी म्हणजे फिल्म सोसायटी. बुधवार पेठेत, रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या दुकानांच्या वर, एका ट्रस्टचा हॉल होता. दर रविवारी सकाळी तिथे परदेशी सिनेमे दाखवायचे. जर्मन सिनेमा असला की खाली फाटकाजवळच्या फळ्यावर सेक्रेटरी परचुरे खडूने सिनेमाचं नाव लिहायचे आणि त्याखाली ठळक अक्षरात: 'अत्तारबाई बोलणार आहेत'. ही ओळ असली की हॉल भरायचा.

त्यांचं बोलणं म्हणजे असं. पुष्कळशा जुन्या रिळांवर खाली इंग्रजी अक्षरं नसायची. असली तरी माझ्यासारखीला त्यांचा काय उपयोग? मग प्रोजेक्टरच्या शेजारी एक छोटं टेबल मांडायचं, त्यावर माईक. मूळ आवाज जरा बारीक करायचा. पडद्यावरची माणसं जर्मनमध्ये बोलायची आणि त्यांच्या मागोमाग, श्वासभर अंतराने, बाई मराठीत. म्हातारा, नवी नवरी, पोलीस, तान्ह्या मुलाची आई, सगळ्यांची वाक्यं एकट्या बाई. आवाज बदलायच्या नाहीत, रडक्या प्रसंगी रडवेल्या व्हायच्या नाहीत. नुसतं बोलायच्या. पण थोड्या वेळाने त्यांचा आवाज ऐकू येणंच बंद व्हायचं आणि वाटायचं, ती गोरी माणसंच मराठी बोलतायत.

आधी दालचिनीचा तुकडा दाढेखाली धरायच्या. चहा नको, पाणी नको. रमजानात तर पहाटेपासून काहीच नसायचं आणि तशाच दोन दोन तास बोलायच्या. परचुरे एकदा काळजीने म्हणाले, "बाई, निर्जळी कसं जमतं हो तुम्हाला?" बाई म्हणाल्या, "तुमचं प्रास्ताविक चालू असतं ना, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच सवय होते."

त्यांच्या घरात कोणी जर्मनीला गेलेलं नव्हतं. वडिलांचं चष्म्यांचं दुकान होतं. काचांच्या जर्मन कंपन्या जाडजूड माहितीपुस्तकं पाठवायच्या, ती चाळता चाळता लहानपणी ती अक्षरं लागली, असं त्या सांगायच्या. पुढे रीतसर शिकल्या, मुलींच्या शाळेत आणि संध्याकाळच्या वर्गांत जन्मभर जर्मन शिकवलं. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "राहून गेलं. अजून काही चौकशी?"

मी परतवाड्याकडची. सहावीत शाळा सुटली. नवऱ्याला एस.टी.च्या वर्कशॉपात काम लागलं म्हणून पुण्याला आले, आणि चार शब्द बोलले की लोक माझ्या तोंडाकडे बघतात हे लक्षात आल्यावर बोलायचीच बंद झाले. चहाचा कोपरा मला बाईंनीच मिळवून दिला. त्यांच्या इमारतीत मी धुण्याला जात होते, तिथली ओळख. आणि पहिल्याच रविवारी सिनेमा सुरू झाल्यावर त्यांनी दार किलकिलं करून मला हाक मारली. "सुमन, आत या. चहा कुठे पळून जात नाही." मला अहो-जाहो करणारं पुण्यात पहिलं माणूस त्या.

एकदा चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे आई पोरावर चिडली की काय म्हणते हो?"

मी लाजले. त्या हटेनात. शेवटी सांगितलं, "‘काहून रे पोट्ट्या, आयकू येत नाही का तुले?’ असं म्हणते."

"पुन्हा म्हणा." त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

पुढच्या रविवारी सिनेमात एक खेडवळ जर्मन बाई होती, डोक्याला रुमाल, हातात बादली. तिचा लेक चिखलातून उड्या मारत आला तशी ती ओरडली आणि हॉलभर माझ्या मायचं वाक्य घुमलं. लोक हसले. मी अंधारात पदर तोंडात धरून रडले. इतक्या दूर, त्या गोऱ्या बाईच्या तोंडी माझी माय आली होती.

बाईंकडे ही विद्या होती. परक्याला आपलं करून टाकायची. ती कुठे वापरावी आणि कुठे आवरावी, याचे त्यांचे स्वतःचे नियम होते, आणि त्यातला एक फार कडक होता: गाणं बोलायचं नाही. पडद्यावर गाणं लागलं की त्या माईकवर हात ठेवून गप्प बसायच्या. परचुरे म्हणायचे, "अहो, लोकांना अर्थ कळायला नको का?" बाई म्हणायच्या, "वाक्य ऐकून माणूस विचार करतो. गाणं ऐकून पाय हलवतो. माझं काम पहिल्यापुरतं."

हा नियम त्यांनी एकदाच मोडला.

त्या वर्षी सोसायटीने मुलांसाठी एक रविवार ठरवला. कल्पना बाईंचीच. दुसऱ्या महायुद्धात तिकडच्या हुकूमशहाच्या सरकारने मुलांसाठी मुद्दाम सिनेमे काढले होते. रविवारी सकाळी मुलांना रांगेने थेटरात न्यायचे, आधी गाणं, मग सिनेमा. त्यातल्या एकाची प्रिंट पुण्यातल्या सिनेमांच्या एका भांडारात होती. अभ्यासासाठी मिळायची.

कमिटीला हे पसंत नव्हतं. परचुरे म्हणाले, "मुलांना काहीतरी हसतंखेळतं दाखवू. हे कशाला?"

"मुलांसाठी कालवलेलं विष आहे ते. मुलांनाच ओळखता आलं पाहिजे," बाई म्हणाल्या. "कात्रजला सापांचं उद्यान बघायला नेता ना शाळेची सहल? तिथे काय सशांचे पिंजरे दाखवता?"

"तिथे काच असते, बाई."

"इथे मी आहे."

ठरलं असं की बाई सिनेमा बोलतील आणि तो संपल्यावर अर्धा तास मुलांना समजावून सांगतील, की बाळांनो, तुम्हाला आत्ता कसं कसं फसवलं. तयारीसाठी त्यांनी तो सिनेमा कमिटीबरोबर एकदा पाहिला. मग आठवडाभर घरी काहीतरी गुणगुणत होत्या. मी धुणं वाळत घालताना विचारलं, तर म्हणाल्या, "गाण्याशिवाय हा सिनेमा अर्धाच आहे. दात काढलेला साप दाखवून मुलांना काय कळणार?" आणि त्यांनी त्या सिनेमातलं चालण्याचं गाणं मराठीत केलं. त्याच चालीवर, त्याच ठेक्यावर. करताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरत नाही. जमलेल्या कामाचा आनंद, साधा.

सिनेमाची गोष्ट अशी होती. बंदरावरच्या गावात एक पोरका मुलगा. कोणी त्याला खेळायला घेत नाही. त्याला माया लावणारा एकच म्हातारा मास्तर. तो सारखा शिंकतो, चष्मा शोधत फिरतो, "स्वतः विचार कर बाळा" म्हणतो, आणि सिनेमा आपल्याला त्याच्यावर हसायला लावतो. मग गणवेशातल्या मुलांची तुकडी येते. तंबू, शेकोटी, गरम सूप, गाणं. पोरक्याला कोणीतरी आपल्या शेजारी बसवून घेतं. त्याला तिथे पहिला मित्र मिळतो. पुढे हा मित्र कोठीतून पाव चोरतो आणि पोरक्याला ते दिसतं. रात्रभर तळमळतो. सकाळी सगळी तुकडी रांगेत उभी असताना हा एक पाऊल पुढे येतो आणि मित्राचं नाव घेतो. मित्राला काढून टाकतात. पोरक्याच्या डोळ्यांत पाणी, पण मान ताठ. तुकडीचा नायक त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. झेंडा वर जातो. गाणं.

मी दारात उभी होते. हॉल मुलांनी गच्च. बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर निखिल बसला होता. हा त्यांच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा, नववीतला, हुशार, बाईंकडे जर्मन शिकायला यायचा. बाईंच्या घराच्या दोन चाव्या होत्या, दुसरी त्याच्याकडे. त्याच्या मागे त्याचा वर्गमित्र दत्ता, मंडईजवळ फुलं विकणाऱ्या पार्वताबाईंचा. दोघं कायम बरोबर असायची.

त्या दिवशी बाई जितक्या सुंदर बोलल्या तितक्या कधीच बोलल्या नव्हत्या. शेकोटीपाशी पोरक्याला जागा मिळाली तेव्हा मी चौकट धरून पुढे वाकले. मीही आयुष्यभर असल्याच एका जागेची वाट बघत होते. आणि शेवटी झेंडा वर जाताना त्या गायल्या नाहीत, नुसत्या ठेक्यात बोलल्या:

कोण म्हणे तू एकटा रे, मागे बघ अन् पुढे बघ,
शंभर पायांचा एकच ठेका, आमचा हो अन् मगच जग.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचाही ठेका झाला. दुसऱ्यांदा गाणं आलं तेव्हा निम्मा हॉल बाईंबरोबर म्हणत होता आणि पाय जमिनीवर आपटत होता.

दिवे लागले. बाई पुढे गेल्या. "मुलांनो, आता आपण जे पाहिलं…" पण उन्हं चढली होती, शाळांच्या गाड्या खाली उभ्या होत्या, शिक्षक घड्याळं बघत होते आणि मुलांच्या डोळ्यांत अजून झेंडा होता. पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांनी ऐकलं असेल. बाकीची जिन्यावरून उतरली ती गाणं म्हणतच. लाकडी जिना नुसता दणदणत होता.

परचुरे खिडकीतून खाली बघत म्हणाले, "काच जरा पातळ निघाली, बाई."

बाईंनी दालचिनीचा तुकडा तोंडातून काढला, रुमालात बांधला आणि तशाच घरी गेल्या.

त्यानंतर थंडीत शाळेचं शिबिर सिंहगडाच्या पायथ्याशी गेलं. परतल्यावर निखिल धावत बाईंकडे आला. मी तिथेच होते, भांडी पुसत. त्याचा चेहरा उजळला होता.

"बाई, अगदी सिनेमातल्यासारखं झालं! तुम्ही हव्या होतात."

"काय झालं?"

"कोठीतनं बिस्किटांचे पुडे गेले होते. मला माहीत होतं, दत्तानं घेतले. मी रात्रभर जागा होतो, बाई. खरंच. आणि सकाळी सगळे रांगेत असताना मी एक पाऊल पुढे आलो आणि सांगितलं. पी.टी.च्या सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आपलं गाणं म्हटलं. सगळ्यांना पाठ आहे, बाई!"

बाई पाटावर बसून मटार सोलत होत्या. हात थांबला. "कसली बिस्किटं?"

"ग्लुकोजची."

"दत्ताला आवडतात?"

"नाही, तो नाही खात. त्याच्या बहिणीला…" निखिल अडखळला. "पण चोरी ती चोरीच ना, बाई?"

"हो," बाई म्हणाल्या. "चोरी ती चोरीच. दत्ता काय म्हणाला?"

निखिलने आठवून पाहिलं. "काही नाही म्हणाला. मी बघितलं नाही त्याच्याकडे. समोर बघायचं असतं."

बाईंनी त्याला रागावलं नाही. मला वाटलं, आता एक वाक्य असं येईल की पोरगं जन्मभर विसरणार नाही. आलं नाही. त्यांनी मटारची ताटली बाजूला सारली आणि हळूच म्हणाल्या, "जा, आई वाट बघत असेल." तो गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्याला काय बोलू, सुमन? माझं ऐकणारा तो एकच विद्यार्थी निघाला."

शाळेने दत्ताला काढलं नव्हतं. समज देऊन सोडलं होतं. पण तो पुन्हा शाळेत गेला नाही. स्वारगेटजवळच्या एका गॅरेजात गाड्यांचे पत्रे घासायला लागला.

शाळा सुटते म्हणजे काय होतं, ते मला विचारा. पहिले काही महिने वाटतं, जाऊ परत. मग बरोबरीची पोरं पुढच्या वर्गात जातात, आणि मग रस्त्यात त्यांना बघून आपणच गल्ली बदलतो. हे मी बाईंना सांगितलं. तेव्हा त्या कपाटातून छत्री काढून, उन्हात, चालत मंडईत गेल्या.

पार्वताबाई शेवंतीच्या राशीमागे बसल्या होत्या. हात थांबवला नाही. "बाई, मी त्याला मारलं, जेवण बंद केलं, पाया पडले. न्हाई म्हन्तो. आता काय दोरीनं बांधून नेऊ? तुमीच बघा बोलून. तुमचं लई कवतिक करतो तो."

म्हणून बाई गॅरेजात गेल्या. सोबत मी. दत्ता एका टॅक्सीचं दार घासत होता, केसांवर पांढरी पूड. बाईंना बघून उठून उभा राहिला. हात पुसले. शाळेत परत येण्याबद्दल बाई जे बोलल्या ते सगळं त्याने खाली मान घालून ऐकलं. मग म्हणाला,

"बाई, निखिलचं काही चुकलं नाही. त्यानं केलं ते बरोबरच होतं."

"बरोबर?"

"हो. त्या सिनेमात मी पण टाळ्या वाजवल्या होत्या की. त्या मुलाला काढलं तेव्हा. तुम्ही इतकं छान बोलला होता." आणि अगदी समजुतीच्या आवाजात, जणू बाईंचीच समजूत घालावी तसं, "असल्या पोरांना काढायलाच पाहिजे, बाई. नाहीतर बाकीच्यांनी कसं चालायचं?"

बाई तिथल्या टायरवर बसल्या. मी पाणी आणलं. त्यांनी ते हातात धरलं, प्यायल्या नाहीत.

परत येताना स्वारगेटच्या गर्दीत त्या एकदम थांबल्या. मागून रिक्षावाला ओरडला. "सुमन, त्या मित्राचा चेहरा कसा होता?"

"कोणाच्या?"

"सिनेमातल्या. ज्याला काढलं त्याच्या. तुम्ही दारातून बघत होतात ना?"

मी पुष्कळ आठवलं. आठवेना. रांग आठवली, पोरक्याचे पाणावलेले डोळे आठवले, झेंडा आठवला. मित्राची पाठ आठवली, दूर जाणारी.

"नसेल आठवत," बाई म्हणाल्या. "दाखवलाच नाहीये. नाव घेतल्यानंतर त्याला एक वाक्य दिलेलं नाही, एकदाही चेहरा दाखवलेला नाही. आणि मला ते दिसलं नाही. मी फक्त बोलणाऱ्यांकडे बघत होते. जो गप्प होता त्याच्याकडे बघायचं माझं कामच नव्हतं." रस्त्यात उभ्या राहून त्या असं बोलत होत्या आणि लोक वळून बघत होते. "मुलांना तेवढं एक दाखवायला हवं होतं. भाषण नको, काही नको. तिथे सिनेमा थांबवायचा आणि विचारायचं, ह्याचा चेहरा कुठे आहे?"

त्यांनी कमिटीकडे पुन्हा एका खेळाची मागणी केली. त्याच मुलांना, तोच सिनेमा. परचुरे म्हणाले, "बाई, विषाचा दुसरा डोस?" पण मग त्यांचं तोंड बघून विषय बदलला आणि स्वतः भांडारात जाऊन आले. रिळं परत गेली होती. मुलांना दाखवल्यावर पोरं रस्त्यात गाणी म्हणत फिरली हे तिथे कळलं होतं, आणि आता तो सिनेमा पुन्हा मिळणार नाही असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. त्यांचं तरी काय चुकलं?

निखिलला बाईंनी फक्त एवढंच सांगितलं की दत्ताला भेटून ये. तो गेला. पण गेला तो बिस्किटांचे दोन पुडे घेऊन, आणि गॅरेजातल्या सगळ्या पोरांसमोर ते दत्तापुढे धरून म्हणाला, "मी तुला माफ केलंय." दत्ताने "थँक्यू" म्हटलं आणि पुडे परत केले. हे निखिलनेच येऊन सांगितलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. त्यानंतर निखिलचं येणं कमी झालं. दहावी, मग क्लास, मग काय काय. चावी त्याच्या आईने आणून दिली.

सोसायटीत बाई बोलायच्या थांबल्या. कारण सांगितलं नाही. परचुरे घरी येऊन बसले, गयावया केली, आणि त्यांच्यासारख्या माणसाने गयावया करणं बघवत नव्हतं. बाई म्हणाल्या, "घसा बसलाय." घसा चांगला ठणठणीत होता. काही रविवार फळ्यावर नुसतं सिनेमाचं नाव लागलं. हॉल अर्धा रिकामा राहू लागला आणि माझा चहा उरू लागला. माझा जीव टांगणीला, पण बाईंना तसं म्हणायची माझी जीभ रेटली नाही. त्यांना आधीच पुष्कळ होतं.

आणि मग मला कळलं की दर गुरुवारी त्या स्वारगेटला जातात. गुरुवारी वीज नसायची. त्यामुळे गॅरेजात कॉम्प्रेसर बंद, मशीन बंद, मालक घरी. पोरं हातानेच पत्रे घासत बसायची. तिथे बाई टायरवर बसून तो सिनेमा सांगायच्या. तोंडी. पडदा नाही, प्रोजेक्टर नाही. शाळेत परत चल म्हणणं सोडा, शाळेचा शब्दही काढायच्या नाहीत.

"सगळा सांगता?" मी विचारलं.

"सगळा. थोडा थोडा करून. शेकोटी, सूप, सगळं. ते गोड आहे ते गोडच सांगते, खोटं कशाला बोलू? पोरं ऐकतात." त्या मेथी निवडत होत्या, एकेक पान. "मग गोष्ट रांगेपाशी येते. पोरका पुढे येतो, नाव घेतो. तिथे मी थांबते. दत्ताला म्हणते, आता मित्राचं वाक्य. त्यांनी लिहिलं नाही, मला ठाऊक नाही. तू सांग, तो काय म्हणाला."

"मग?"

"मग काही नाही. तो घासत राहतो. मी बसते. वेळ झाली की घरी येते. पुढच्या गुरुवारी पुन्हा सुरुवातीपासून."

"पण तो बोललाच नाही तर, बाई?"

"नाही बोलला तर नाही बोलला. त्याचं वाक्य मी बोलणार नाही. एवढी वर्षं सगळ्यांची वाक्यं मीच बोलले, सुमन. त्यातूनच हे झालं."

मला वाटलं होतं, एक दिवस दत्ता पाटी-दप्तर घेऊन त्यांच्या दारात उभा राहील. तसं काही झालं नाही. तो शाळेत परत गेला नाही, हे मला नक्की माहीत आहे, कारण पुढच्या उन्हाळ्यात पार्वताबाईंनीच सांगितलं, आता रंगकाम शिकला म्हणून. ते सांगताना त्यांचा आवाज वाईट नव्हता.

त्याच सुमारास माझ्या मायच्या दुखण्याची तार आली आणि मी परतवाड्याला गेले. मायजवळ पावसाळा काढावा लागला. परत आले तेव्हा अत्तारबाई गेल्या होत्या. दोनच दिवसांचा ताप. परचुऱ्यांनी सोसायटीत शोकसभा घेतली होती, म्हणे प्रास्ताविक फार छोटं केलं. मी स्वारगेटला गेले, तर रस्ता रुंद करायला घेतला होता आणि गॅरेज होतं तिथे खडीचा ढीग पडला होता. पार्वताबाई मंडईतून उठून हडपसरकडे राहायला गेल्या होत्या. दत्ता मला पुन्हा दिसला नाही. दिसला असता तरी त्याने मित्राचं वाक्य सांगितलं का, ते विचारायचा धीर मला झाला असता की नाही, सांगता येत नाही.

माझी सहावी शिकलेलीची भाषा ही अशी. पण बाईंबद्दल लोक लिहितात ते सोसायटीतल्या त्यांच्या बोलण्याबद्दल, आणि मला त्या आठवतात त्या वेगळ्याच.

मी परतवाड्याच्या गाडीत बसले तो गुरुवार होता. गाडी स्वारगेटच्या फाटकातून बाहेर पडली आणि सिग्नलला अडकली, नेमकी गॅरेजच्या समोर. मी खिडकीशी होते. आत वीज नव्हती, पण दुपारचं ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत गेलेलं. बाई टायरवर बसल्या होत्या, छत्री गुडघ्यांवर आडवी. चार-पाच पोरं भोवती, कोणी उकिडवं, कोणी बॉनेटला टेकून. कोणाचेच हात चालत नव्हते. बाई बोलत नव्हत्या. तोंड मिटून, मान किंचित पुढे करून, नवा सिनेमा बघावा तशा त्या दत्ताकडे बघत होत्या. दत्ता त्यांच्याकडे तोंड करून उभा होता, पॉलिश पेपर मुठीत चुरगाळलेला. सगळी पोरं त्याच्याकडे बघत होती.

मी खिडकीचा गज धरून अर्धवट उठले. मागून कंडक्टर म्हणाला, "बसून घ्या बाई, बसून घ्या," आणि गाडी हलली.